आग्याचा दोर

शिवाजी पेठेत तानाबाईला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक तिचं तोंड आणि दुसरा तिचा आग्या. तोंडाबद्दल वेगळं सांगायला नको. पाण्याचा टँकर आला नाही की गल्लीच्या वतीनं भांडायला तिलाच पुढं घालतात. आग्याबद्दल मात्र सांगावं लागेल, कारण पेठेतल्या निम्म्या लोकांनी ते झाड बघितलेलं नाही आणि ज्यांनी बघितलं त्यांनी पुन्हा त्याचं नाव काढलेलं नाही.

शाहूवाडीच्या डोंगरात ओढ्याच्या कडेला, जुन्या गोठ्यांच्या खताळ जागेत, आग्या पावसाळ्यात माणसाच्या डोक्याच्या वर जातो. पानाला, देठाला, खोडाला सगळीकडं बारीक कुसळं. दुपारी नुसता हात घासला तर दिवेलागणीपर्यंत निखारा ठेवल्यासारखं भाजत राहतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. वाडीतली पोरं एकमेकांना धाक घालायला त्याचं नाव घेतात. आणि त्याच खोडाच्या सालीत असा धागा असतो की तानाबाईची आई त्याचे दोर वळून त्यावर विहिरीची घागर, गवताचा भारा, पोराचा पाळणा, काय वाटेल ते टांगायची. कार्तिकात पानं झडली की हाताला पोतं गुंडाळून खोडं कापायची, वाळवायची, साल सोलायची, राखेच्या पाण्यात शिजवायची, बडवायची, नदीवर धुवायची आणि मग मांडीवर सूत वळत बसायचं. तानाबाई लग्न होऊन पेठेत आली ती ही कला घेऊनच आली. भाऊ पिराजी दरवर्षी तिला खोडांचे भारे आणि चुलीची राख एस.टी.तून पोचवायचा. सासरच्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. नंतर गल्लीतल्या प्रत्येक पाळण्याला तिचाच दोर लागायला लागला, तेव्हा गप्प बसले.

तिचा नवरा आकाराम तालमीत मर्दानी खेळ खेळायचा. त्याचं हत्यार विटा. विटा म्हणजे भालाच, फक्त त्याच्या बुडाला लांब दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक खेळणाऱ्याच्या मनगटाला. विटा फेकला की तो थेट समोरच्या माणसांवर जातो, बघणारा मागं सरकतो, आणि नेमकी तेव्हाच दोरी संपते. हिसका बसतो, विटा हवेतच थांबतो आणि माघारी हातात येतो. सगळा खेळ त्या दोरीवर. लोक रिंगण करून बसतात तेही त्या दोरीच्या भरवशावरच बसतात, पण हे त्यांच्या ध्यानात नसतं.

एका दसऱ्याला आकारामची सुती दोरी तुटली. विटा पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या मांडीत शिरला. तो माणूस दिवाळीनंतर चालायला लागला, पुढं पोराच्या वरातीत नाचलासुद्धा. आकारामला मात्र त्यातून उठता आलं नाही. त्यानं पुन्हा हत्यार हातात धरलं नाही. दसऱ्याला तो घराबाहेर पडायचा नाही आणि हलगीचा आवाज आला की रेडिओ मोठा करायचा. तो जाईपर्यंत तानाबाईनं हे बघितलं. त्या दसऱ्याला ती रिंगणात पुढंच बसली होती. त्यानंतर विटा सुटताना तिनं कधी बघितला नाही.

आणि आता नातीनं तोच विटा माळ्यावरून खाली काढला.

तेजस्वी कॉलेजात जाते, मनगट आजोबाचं आणि तोंड आजीचं. तिनं तालमीचे वस्ताद जोतीराम यांच्यापुढं विटा टेकवला आणि म्हणाली, "शिकवा." जोतीराम वस्ताद आकारामच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी शिकवलं. शिकवता शिकवता त्यांच्या डोक्यात आलं की येत्या दसऱ्याला तालमीपुढच्या रिंगणात विटा हीच पोरगी फेकेल. तालमीत ह्याआधी पोरींनी लाठी फिरवली होती, पट्टा फिरवला होता, विटा कुणीच फेकला नव्हता. काही जुनी माणसं कट्ट्यावर बसून म्हणाली की पोरीच्या मनगटाला तो हिसका सोसायचा नाही, मध्येच भिऊन सोडून देईल. वस्तादांनी त्यांना चहा पाजला आणि आपलं म्हणणं सोडलं नाही.

तानाबाईनं मात्र डाव टाकले. दसऱ्याच्या खेळाडूंच्या निवडीच्या दिवशी सकाळीच ती डोक्याला फडकं बांधून आडवी झाली. छातीत कळ आली म्हणाली. तेजस्वी विटा टाकून रिक्षातून तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं तपासून विचारलं, "आज्जी, काल भजी किती खाल्ली?" तो डाव फुकट गेला, वस्तादांनी निवड पुढं ढकलली. मग तिनं परस्पर वस्तादांना निरोप दिला की आजऱ्याचे पाहुणे पोरीला बघायला येणार आहेत, आठवडाभर तिला पाठवत नाही. वस्तादांनी पोरीला घरी परत पाठवलं. आजऱ्याहून कुणी आलं नाही. भिजवलेले पोहे तेवढे घरातल्यांना दोन वेळा खावे लागले. त्या दिवशी तेजस्वी आजीसमोर बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आज्जी, हितनं पुढं तुझं काय बी मी खरं मानणार न्हाय." पोरगी ओरडली असती तर तानाबाईनं तिला पुरून उरेल एवढं सुनावलं असतं. ती ओरडली नाही, त्यामुळं म्हातारीला जेवण गेलं नाही.

शेवटी तिनं हात टेकले, पण आपल्या पद्धतीनं. "खेळायचंच असंल तर माझ्या दोरावर खेळ," ती नातीला म्हणाली. "नायलॉन ताणतंय, हाताला कापतंय. तुझ्या आजाचं सूत तुटलं. आग्या ताणत न्हाय आणि तुटत न्हाय." त्या एका दोरावर तिला मागचं सगळं फेडायचं होतं.

आणि त्याच दोरात तिचा हात चुकला. पिराजीच्या सुनेनं त्या साली घरात गॅस आणला, त्यामुळं चुलीची राख आली नाही. तानाबाईला आठवलं की आई होळीच्या राखेत साल शिजवायची. होळीची राख म्हणजे देवाचीच राख. तेव्हा धुळवडीला सकाळी उठून तिनं पेठेच्या होळीतली राख डबा भरून आणली. वाडीतली होळी जंगलाच्या लाकडाची असते. पेठेतल्या होळीत पोरांनी कुणाच्या तरी पाडलेल्या घराची दारं, चौकटी, फळ्या टाकल्या होत्या, पिढ्यान्पिढ्या चुन्याचे थर बसलेल्या. तानाबाईनं ते जळताना बघितलंही होतं. पण होळीत काय जळतंय ह्याची चौकशी कोण करतो? साल शिजवताना पाणी बोटांना बुळबुळीत लागलं, बोटांची कातडी सोलून निघाली. दुसरी कुणी असती तर थांबली असती. आग्यानं आयुष्यभर भाजून घेतलेल्या हाताला भाजण्याचं काही वाटत नव्हतं.

सूत निघालं ते शेवयांसारखं पांढरं. असं पांढरं सूत तिच्या आईच्या हातूनही कधी निघालं नव्हतं. गल्ली बघायला आली. तानाबाईनं त्यातलं लांब लांब, निवडक सूत काढून दोर वळला आणि आखूड तेवढं डब्यात ठेवलं. वस्तादांनी दोर तालमीच्या तुळईला बांधून त्याला स्वतः लोंबकळून झोका घेतला आणि म्हणाले, "ह्याला हत्ती बांधा." तालमीची रीत अशी की विट्याला नवी दोरी खंडेनवमीला चढते आणि तिची पहिली फेक दसऱ्याच्या रिंगणातच होते. तोवर सराव जुन्या नायलॉनवर चालतो. तेव्हा दोर कागदात गुंडाळून तालमीच्या कपाटात गेला. त्याला कुणी एकदाही हिसका देऊन बघितला नाही.

खंडेनवमीला तालमीत हत्यारं मांडली, तशी घरोघरी अवजारं मांडली. तानाबाईच्या घरात पाटावर विळी, कात्री, कोयता, मुलाचे पाने आणि पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात पाळीला गेला होता, सून माहेरी. पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघेपर्यंत उचलायचं नाही, हे तानाबाई लहानपणापासून पाळत आलेली. त्या दिवशी तिच्या घरात भाजीही हातानं मोडूनच करतात.

दुपारी ती दारात झेंडूचं तोरण करत बसली. डब्यातलं उरलेलं आग्याचं सूत घेतलं. फुलं ओवून झाली, धागा तोडायचा होता, आणि कात्री पाटावर. इतर वर्षी ती धागा दाराच्या कडीला घासून झिजवायची, कारण आग्याचं सूत हातानं तोडायला गेलं तर बोट कापतं, धागा तुटत नाही. सवयीनं तिनं धागा दोन्ही हातांत घेतला आणि कडीकडं नेता नेता जरासा ताणला. धागा तुटला.

तिनं हाताकडं बघितलं. दुसरा धागा घेतला, ताणला. तुटला. तिसरा तुटला. तोरण मांडीवरून खाली पडलं. तिला होळीतली ती चुन्याची दारं दिसली, बुळबुळीत पाणी आठवलं, आणि सगळा उलगडा एकदमच झाला. सूत पांढरं झालं होतं कारण जळक्या चुन्याच्या त्या पाण्यात ते आतून जळलं होतं.

तरी तिनं मनाची समजूत घातली. हे आखूड, टाकाऊ सूत. दोर निवडक सुताचा. तीन पदरी. तिनं डब्यातलं सगळं सूत काढून दोराच्याच जाडीचा हातभर तुकडा वळला, वरच्या आड्याला बांधला आणि त्याला भरलेली घागर टांगली. घागर लटकली, शांतपणे फिरत राहिली. तिचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिनं घागर दोन्ही हातांनी वर उचलली आणि सोडून दिली. दोर मधोमध तुटला, घागर जमिनीवर आपटून चेपली आणि पाणी स्वयंपाकघरभर झालं.

तेजस्वी तालमीतली पूजा आटोपून आली तेव्हा आजी ओल्या जमिनीवर बसलेली होती. तिनं नातीला सगळं सांगितलं. राख, चुना, धागा, घागर. एरवी बोलताना तिला शब्द शोधावे लागत नसत, आज मात्र ती अडखळत होती.

तेजस्वीनं तुटलेला तुकडा उचलून बघितला. "झालं? आता हे नवीन व्हय?"

"अगं, देवाशप्पत सांगतो."

"दवाखान्यात बी देवाचीच शपथ घेतलीस. आजऱ्याच्या पावण्यांच्या वक्ताला बी." पोरीनं तुकडा खाली टाकला. "तूच म्हणालीस की चांगलं सूत दोरात घातलं आणि भंगार डब्यात ठेवलं. भंगार तुटणारच की. वस्ताद लोंबकळले तवा का तुटला न्हाय?"

"लोंबकळणं येगळं, हिसका येगळा."

"आज्जी, उद्या एकच दिवस हाय माझा. एवढा एक दिवस मला दे."

तानाबाईला वाईट ह्याचं वाटत होतं की पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोरातलं सूत खरंच निवडक होतं. कदाचित तो टिकेलही. पण तुटला तर समोर बसलेल्या कुणाच्या तरी अंगात विटा शिरेल, आणि ही पोरगी पुढं आयुष्यभर दसऱ्याला रेडिओ मोठा करून बसेल. ते एकदा बघून झालं होतं. पुन्हा बघायची तिच्यात ताकद नव्हती.

दसऱ्याला सकाळी ती तालमीत गेली. हत्यारं लाल कापडावर ओळीनं बसवलेली. मध्ये विटा, आणि त्याच्यावर वेटोळं करून ठेवलेला तिचा दोर, झेंडूच्या पाकळ्यांत पांढराशुभ्र. जोतीराम वस्ताद धुतलेल्या कपड्यांत बाजूला बसले होते.

"वस्ताद, दोर बदला," ती म्हणाली. "नासलाय त्यो."

वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आक्का, आज छातीत दुखत न्हाय न्हवं?"

कुणी मुस्कटात मारली असती तर तिला एवढं लागलं नसतं. पण ती तिथंच उभी राहिली. "काय बी बोला. मी खोटं बोललो हुतो, कबूल. पर आजचं खरं हाय. रिंगणात गेल्यावर नायलॉन बांधा, एवढंच म्हणतो."

"पुजलेली दोरी सोडून सगळ्यांच्या देखत दुसरी बांधू? तिथं पोरीच्या नावानं बोटं मोडणारी माणसं रांगंत बसत्यात. म्हणतील, भ्याली. पुन्हा कुठल्या पोरीला ह्या तालमीत विटा मिळायचा न्हाय." वस्तादांचा आवाज मऊ झाला. "आकाराम अण्णांचं मी इसरलो न्हाय, आक्का. म्हणून तर मी सोता लोंबकळून बघितलं. भिऊ नका. घरात बसा."

तिचा हात आपसूक पुढं गेला. दोर दोन वितींवर होता. ओढून एक हिसका दिला की झालं.

"हात लावू नका," वस्ताद म्हणाले. "बसलंय ते."

तिनं हात मागं घेतला. वस्तादांना भिऊन नव्हे. पूजेला बसलेल्या हत्याराला हात लावणं तिच्या हातालाच जमेना. घरी येताना तिला स्वतःचाच राग आला. जी बाई देवाची खोटी शपथ घेताना अडखळली नाही, तिला नेमकं आज देवाचं भय आडवं आलं होतं.

दुपारभर ती अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. मुलाला फोन केला, तर तो यंत्रांच्या आवाजात "आई, आता पुरं कर," एवढंच म्हणाला. अंगणाच्या कोपऱ्यात पिराजीनं पाठवलेल्या आग्याचा एक भारा अजून तसाच उभा होता, वाळलेला, न सोललेला. वाळला म्हणून आग्या काही साधू होत नाही. कुसळं खोडावर तशीच असतात. तानाबाई त्या भाऱ्यापुढं थांबली. मग तिनं हाताला पोतं गुंडाळलं, चांगलं लांब खोड निवडून काढलं आणि पायात चपला सरकवल्या.

तालमीपुढच्या मोकळ्या जागेत लोक जमायला लागले होते. पोरासोरांनी पुढची रांग धरली होती. विटा कुठून सुटतो आणि कुठं येऊन थांबतो हे तानाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती सरळ त्या जागेवर गेली आणि पोरांना म्हणाली, "उठा."

पोरं हसली. तिनं खोड पुढं केलं. "हे काय हाय ठावं हाय? आग्या. ज्याला आज रातभर बोंबलायचं हाय त्यानं हितं बसा."

एकानं मर्दुमकी दाखवायला हात लावला आणि पुढच्याच क्षणी हात झटकत, नाचत मागं पळाला. मग रांग उठली. बघता बघता रिंगणाच्या त्या बाजूला जत्रेतला पाळणा बसेल एवढी जागा रिकामी झाली. तानाबाई मधोमध मांडी घालून बसली, खोड आडवं मांडीवर ठेवून. दोन कार्यकर्ते तिला उठवायला आले. तिनं खोड उचललं. ते परत गेले.

हलगी वाजायला लागली. लाठी झाली, पट्टा झाला. तानाबाईला काही दिसत नव्हतं. तिचं लक्ष तालमीच्या दाराकडं होतं. वस्ताद विटा दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले, आणि मागून तेजस्वी आली, कमरेला शेला, मनगटाला पट्टी. वस्तादांनी दोर तिच्या मनगटाला बांधला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कट्ट्यावरची जुनी माणसं पुढं सरकून बसली.

तेजस्वी विटा फिरवत रिंगणभर धावली. पोरीच्या पायात आकारामचीच चाल होती, तीच डाव्या टाचेवरची फिरकी. हलगी चढली. तेजस्वी जागेवर येऊन उभी राहिली, विटा खांद्यावर तोलला, नजर समोर गेली. आणि समोर, मोकळ्या जागेत, एकटी आजी.

पोरीच्या चेहऱ्यावर आधी संताप आला. तानाबाईला तो लांबूनही दिसला. पोरगी मनात म्हणत असणार, इथंपण आलीस? इथंपण नाटक? विटा खांद्यावरून आणखी मागं गेला. तानाबाई हलली नाही. तिनं फक्त मांडीवरचं खोड बाजूला ठेवलं, म्हणजे हात मोकळे. डोळे उघडे ठेवायचे, एवढं तिनं स्वतःला बजावलं.

तेजस्वीचा हात मागं गेला तो तसाच थांबला.

खोटं बोलणारी आजी तिला चांगली माहीत होती. ती आजी अंथरुणात पडायची, डोक्याला फडकं बांधायची, दुसऱ्याच्या तोंडी निरोप धाडायची. संकटापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब राहून कण्हायची. ही समोर बसलेली बाई तसं काही करत नव्हती.

तेजस्वीनं विटा खाली घेतला.

कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "भ्याली." मागून हशा आला. हलगीवाला गोंधळून हळू झाला. तेजस्वीनं कुणाकडं बघितलं नाही. तिनं विटा जमिनीवर आडवा टाकला, त्यावर पाय दिला, दोर दोन्ही हातांना गुंडाळला आणि हिसका दिला. दोर टिकला.

वस्ताद पुढं आले. "पोरी, काय करतीस?"

तिनं दुसरा हिसका दिला. दोर टिकला. आपलंच चुकलं काय, पोरीचा दिवस आपण आजही नासवला काय, असं तानाबाईला वाटून गेलं, आणि त्याच वेळी दोराबद्दलचं आपलं म्हणणं खोटं ठरावं म्हणून ती देवाला हात जोडत होती. आपण खोटं ठरावं असं तिनं जन्मात पहिल्यांदाच मागितलं.

तिसऱ्या हिसक्याला तेजस्वीनं सगळं अंग मागं टाकलं. ती मागच्या मागं धुळीत बसली. दोराचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं विट्याला. आवाजसुद्धा झाला नव्हता.

हलगी थांबली. वस्तादांनी तुटलेलं टोक उचललं, अंगठ्याखाली चोळलं. सुताची पूड झाली आणि त्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर पडली. मग ते तानाबाईच्या दिशेनं वळले आणि त्यांनी रिंगणात, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात जोडले. कट्ट्यावर आता कुणी हसत नव्हतं. तिथं बसलेल्यांपैकी दोघांना आकारामचा तो दसरा आठवत होता.

वस्ताद स्वतः आत जाऊन सरावाची नायलॉनची दोरी घेऊन आले. त्यांनी ती विट्याला बांधली, गाठ दातानं आवळली, आणि पायाखाली धरून चार वेळा हिसकून बघितली. मग तेजस्वीच्या मनगटाला बांधली. "टाक," ते म्हणाले.

तेजस्वी जागेवर गेली. "आज्जी, ऊठ आता," ती तिथूनच म्हणाली. "बाजूला हो."

"मी हितंच हाय," तानाबाई म्हणाली. "टाक तू."

"आज्जी."

"टाक म्हणतोय न्हवं."

हलगी पुन्हा सुरू झाली, आधी हळू, मग चढत. तेजस्वीनं विटा तोलला. डाव्या टाचेवर फिरली, आणि तिचा हात सुटला. विटा सूं करत थेट तानाबाईवर आला. पातं मोठं होत गेलं, उन्हात चमकलं, बायकांत कुणीतरी किंचाळलं. तानाबाईला त्या पात्यापलीकडं पोरीचं मनगट दिसत होतं आणि ती त्यालाच डोळ्यांनी धरून बसली होती. दोरी ताठ झाली. विटा तिच्या गुडघ्यापुढं हातभर अंतरावर हवेतच अडला, थरथरला, आणि माघारी जाऊन पोरीच्या मुठीत बसला.

लोक ओरडत होते. तेजस्वी विटा हातात घेऊन तशीच उभी होती, आजीकडं बघत, नायलॉननं सोललेल्या मनगटाकडं तिचं लक्षही नव्हतं. तानाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे तिनं मिटले नव्हते.

"अजून एकदा टाक," ती म्हणाली.